घरचा कारागीर : सायकलचें हँडल किती खालीं असावें?

या सदरांत आजवर आपण कुलपें, शिवणयंत्रें आणि गळके नळ यांचा समाचार घेतला. या वेळचा विषय थोडा निराळा असून तो आमच्या एका वाचक भगिनींनीं नंदुरबारहून सुचविला आहे. त्यांचें पत्र लांबलचक आहे. त्याचा मतलब असा. त्यांच्या पुतण्यानें सुरतेहून एक जुनी, शर्यतीच्या घाटाची सायकल विकत आणली. बांकदार हँडल, अरुंद चाकें आणि हलका सांगाडा, अशी ती गाडी आहे. हँडल फार उंच वाटतें, तेव्हां तें चांगलें चार बोटें खालीं घ्यावें, असा चिरंजीवांचा हट्ट आहे. पाऊस ओसरतांच तोरणमाळ गांठावयाचें, हा त्यामागील बेत. मामंजींचें मत अगदीं उलट. त्यांनीं तीस वर्षें काळ्या सायकलीवर ताठ बसून कचेरी केली. पाठीला बांक घालून गाडी हांकणें त्यांना मुळींच पसंत नाहीं, आणि घाटांत पोर तोंडावर पडेल ही धास्ती त्यांना आहेच. तिसरा पक्ष पुतणीचा. तीच सायकल ती कॉलेजांत नेते, आणि हँडल खालीं गेलें तर आपले हात पुरणार नाहींत अशी तिची तक्रार आहे. घरांत या एका नळीवरून दोन आठवडे अबोला चालू आहे, तरी आपण लवाद व्हावें, अशी बाईंची विनंति आहे.

लवादानें प्रथम वादाची वस्तु डोळ्यांखालून घालावी, हा शिरस्ता आहे. ज्या गाडीला आपण आज सायकल म्हणतों तिचा घाट १८८५ सालीं इंग्लंडांत जॉन केम्प स्टार्ले यानें काढलेल्या 'रोव्हर' गाडीनें ठरविला. दोन चाकें जवळजवळ सारख्या आकाराचीं, सांखळी मागच्या चाकाला, आणि बसणारा जमिनीपासून बेताच्या उंचीवर, अशी ती रचना होती. १८८८ मध्यें डनलॉपनें हवेच्या टायरचें पेटंट घेतलें, आणि त्याच वर्षीं आपल्याकडे बेळगांवास किर्लोस्कर बंधूंचें सायकलींचें दुकान निघालें. लक्ष्मणराव किर्लोस्कर त्या काळांत मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक होते. ते तेथून गाड्या धाडीत व त्यांचे बंधु रामूअण्णा त्या बेळगांवांत विकीत. पुढें नांगर, पंप आणि इंजिनें यांनीं नांवारूपास आलेल्या उद्योगाचा आरंभ असा दोन चाकांवर झाला. तेव्हां सायकल ही आजोबांची मिरास नव्हे आणि नातवाचेंहि नवें खूळ नव्हे. मराठी घरांत तिला सवाशें वर्षांहून अधिक काळ लोटला आहे.

या गाडीवर बसण्याचीं दोन आसनें प्रथमपासून चालत आलीं आहेत. गांवांत हिंडणारा ताठ बसतो, कारण त्याला रहदारी पाहावयाची असते, धोतर किंवा लुगडें संभाळावयाचें असतें, आणि घाई फारशी नसते. शर्यतीचा स्वार वांकून बसतो, कारण त्याला हवेशीं झुंजावें लागतें. हवेचा हिशेब मोठा कठोर आहे. वेग दुप्पट केला कीं हवेचा विरोध चौपट होतो, आणि तो वेग टिकविण्यास त्यापुरती लागणारी शक्ति आठपट होते. छाती वाऱ्यासमोर जितकी कमी तितकी ही पट्टी कमी भरावी लागते. १९८९ च्या 'टूर द फ्रान्स' शर्यतीचा निकाल अवघ्या आठ सेकंदांनीं लागला. शेवटच्या दिवशीं ग्रेग लेमाँड या अमेरिकन स्वारानें हात पुढें जुळवून अंग चिंचोळें करणारें नव्या धर्तीचें हँडल वापरलें होतें. त्याचा प्रतिस्पर्धी लोराँ फिन्याँ याच्या गाडीला तें नव्हतें. आसनाला इतकें महत्त्व आहे, ही गोष्ट चिरंजीवांच्या बाजूनें नमूद करून ठेवूं.

परंतु लेमाँडचा त्या दिवशींचा वेग ताशीं पन्नास किलोमीटरांहून अधिक होता, हेंहि त्याच ओळींत लिहिलें पाहिजे. ताशीं पंधरा किलोमीटर वेगानें बाजारांत जाणाऱ्याला हवेची पट्टी फारशी भरावी लागत नाहीं. नंदुरबारहून प्रकाशामार्गें शहाद्यास जाणारा रस्ता तापीच्या खोऱ्यांतला, सपाटीचा. परततांना पश्चिमेचा वारा तोंडावर आला कीं वांकून बसणाऱ्याला त्याचा लाभ खचित कळेल. पण तोरणमाळची गोष्ट वेगळी. तें ठिकाण सातपुड्यांत हजार मीटरांहून अधिक उंचीवर आहे, आणि घाट चढतांना सामान्य माणसाची सायकल ताशीं आठ-दहा किलोमीटरांच्या पुढें जात नाहीं. तेथें झगडा स्वतःच्या वजनाशीं असतो, हवेशीं नसतो. चढावर शर्यतीचे स्वारसुद्धां हँडलचा वरचा आडवा भाग धरून छाती मोकळी ठेवतात, म्हणजे श्वास भरपूर घेतां येतो. ज्या प्रवासासाठीं हँडल खालीं घ्यावयाचें, त्या प्रवासाच्या चढावर त्या खालीं घेण्याचा कांहींच उपयोग नाहीं.

उतारावर तर याहून महत्त्वाची बाब आहे. बांकदार हँडलला हात ठेवण्याच्या तीन जागा असतात: वरची आडवी दांडी, पुढचे ब्रेकचे खुंट आणि खालचे आंकडे. घाट उतरतांना खालचे आंकडे धरावे, कारण तेथून ब्रेकच्या कांडीवर बोटांचा जोर पुरा पडतो आणि खड्ड्याच्या धक्क्यानें हात निसटत नाहीं. आतां हँडल इतकें खालीं नेलें कीं आंकड्यांपर्यंत वांकतां वांकतां पोट दाबलें जातें आणि मान वर उचलवत नाहीं, तर स्वार आंकडे धरणेंच सोडून देतो. मग तो संपूर्ण घाट वरच्या खुंटांवर अर्धवट पकडीनें उतरतो. म्हणजे दिसायला शर्यतीची झालेली गाडी प्रत्यक्षांत ऐन वेळीं एक पकड गमावून बसते. पोर तोंडावर पडेल, या मामंजींच्या धास्तीला एवढा आधार निश्चित आहे. मात्र त्याचें कारण पाठीचा बांक हें नसून हाताबाहेर गेलेला ब्रेक हें आहे.

शरीराचाहि विचार केला पाहिजे. हँडल खालीं गेलें कीं धडाचें वजन तळव्यांवर येतें. तळव्याच्या करंगळीकडील बाजूनें एक मज्जातंतु जातो. तो दाबला गेला म्हणजे करंगळी व अनामिका बधिर होतात, आणि तसेंच चालविलें तर पकड दुबळी होते. मानेचें दुखणेंहि असेंच. अंग आडवें आणि नजर रस्त्यावर, म्हणून मान सतत मागें वळलेली राहते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यापर्यंत जाणारी, सुमारें ४८०० किलोमीटरांची 'रेस अक्रॉस अमेरिका' नांवाची एक शर्यत आहे. तींत १९८३ सालीं मायकेल शर्मर या स्वाराच्या मानेचे स्नायु इतके थकले कीं डोकें वर धरवेना. त्या विकाराला पुढें त्याचेंच नांव पडलें. हीच शर्यत २०१५ मध्यें नाशिकचे डॉक्टर बंधु महेंद्र व हितेंद्र महाजन यांनीं दोघांच्या संघानें पुरी केली, आणि २०१७ मध्यें नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीं ती एकट्यानें पार पाडली. अशा लांब पल्ल्याला जो आसन निवडतो त्याला पहिल्या तासाचा डौल पाहून चालत नाहीं. दहाव्या तासाला हात, मान आणि कंबर काय म्हणतील तें पाहावें लागतें.

आतां कामाकडे वळूं. पहिली गोष्ट अशी कीं हँडलला हात लावण्यापूर्वीं सीट तपासावी. हँडल उंच वाटण्याचें कारण पुष्कळदां सीट ठेंगणी असणें हें असतें. सीटवर बसून पेडल अगदीं तळाशीं आणावें आणि त्यावर टांच ठेवावी. गुडघा सरळ झाला तर उंची साधारण बरोबर आहे असें समजावें. गुडघा वांकलेला राहिला तर सीट उचलावी, मात्र सीटच्या दांड्यावरील मर्यादेची रेघ नळीबाहेर येऊं देऊं नये. पत्रांत चार बोटांचा वाद आहे. त्यांपैकीं दोन बोटें सीट योग्य उंचीवर आणतांच मिटलीं, तर आश्चर्य मानूं नये. जुनी गाडी ही दुसऱ्याच्या मापानें शिवलेल्या अंगरख्यासारखी असते. पहिला मालक आपल्या उंचीप्रमाणें ती लावून गेलेला असतो, आणि नव्यानें कोणती गुंडी सरकवावी याचा विचार क्रमानें करावा लागतो.

सीट लागल्यावरहि हँडल उंचच राहिलें तर त्याची मान, म्हणजे स्टेम, कोणत्या जातीची आहे तें पाहावें. पत्रांत तें लिहिलेलें नाहीं, म्हणून दोन्ही रीति देतों.

पहिली जात जुनी. तींत वांकडी मान सांगाड्याच्या नळींत वरून खुपसलेली असते, आणि तिच्या माथ्यावर एकच बोल्ट दिसतो. या बोल्टच्या खालच्या टोकाशीं एक पाचर असते. बोल्ट आंवळला कीं पाचर वर ओढली जाऊन आंतल्या नळीला घट्ट बसते. खांचेच्या षट्कोनी पान्यानें, ज्याला दुकानदार एलन की म्हणतात, हा बोल्ट तीन-चार फेरे सैल करावा. सबंध काढूं नये. नंतर त्याच्या माथ्यावर लाकडी ठोकळा ठेवून हातोडीनें एक बेताचा ठोका द्यावा. पाचर सुटते आणि मान डावीउजवीकडे फिरवून खालीं सरकवितां येते. मान बाहेर काढून पुसावी, तिला ग्रीसचा पातळ हात द्यावा व पुन्हा बसवावी. मान अ‍ॅल्युमिनियमची आणि नळी पोलादाची असेल तर पावसाळ्यांच्या ओलाव्यानें दोन धातु एकमेकांना धरून बसतात. अशा वेळीं गंज सोडविणारें तेल घालून रात्रभर थांबावें. हँडलवर लटकून जोर करूं नये. चिमटा वांकला तर गाडीच गेली.

या जातीच्या मानेवर एक आडवी रेघ कोरलेली असते. ती रेघ नळीच्या बाहेर दिसली तर मान पुरेशी आंत नाहीं असा अर्थ. रेघ पुसलेली असेल तर निदान अडीच इंच मान आंत राहावी. जुन्या बाजारांतून आलेल्या गाडीची मान कोणीं उंच ओढून ठेवली असेल आणि रेघ बाहेर दिसत असेल, तर मात्र ती खालीं घेण्यास मुहूर्त पाहूं नये. तेथें वाद आसनाचा उरत नाहीं. धांवत्या गाडीचें हँडल हातांत येण्याचा तो प्रश्न आहे. उलटपक्षीं खालच्या बाजूलाहि मर्यादा असते. कांहीं चिमट्यांची नळी तळाशीं आंतून जाड असते, आणि मान एका जागीं अडते. तेथें तिला ठोकून पुढें ढकलूं नये.

दुसरी जात १९९० नंतरच्या दशकांत रूढ झाली. तींत चिमट्याची नळीच वर येते, मान तिला बाहेरून कवळते, आणि मानेखालीं एकावर एक कड्या असतात. येथें माथ्यावरील टोपीचा बोल्ट प्रथम काढावा, नंतर मानेच्या बाजूचे दोन बोल्ट सैल करावे. मान उचलून तिच्याखालची एक कडी वर घ्यावी, म्हणजे तितक्या उंचीनें हँडल उतरतें. काढलेली कडी फेंकूं नये. ती मानेच्या वरच बसवावी, नाहीं तर टोपीला दाबण्यास कांहीं उरत नाहीं. आतां क्रम महत्त्वाचा आहे. आधीं टोपी हलकेच आंवळून चिमट्याच्या छर्ऱ्यांची ढिलाई काढावी, मग हँडल चाकाच्या रेषेंत आणावें, आणि शेवटीं बाजूचे बोल्ट आळीपाळीनें आंवळावे. किती जोरानें, तो आंकडा बहुधा मानेवरच छापलेला असतो. पांच न्यूटन-मीटर हा पुष्कळ ठिकाणीं आढळतो. चिमट्याची नळी कार्बनची असेल तर अंदाजानें आंवळणें टाळावें आणि माप दाखविणारा पाना असलेल्या मिस्त्रीकडे जावें. नळी करवतीनें कापून आंखूड करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो वर्षभर तरी मानूं नये. कापलेली नळी वाढत नाहीं.

मामंजींच्या काळ्या सायकलीचें हँडल कोणी खालीं घेऊं पाहील तर त्यासाठीं एक सूचना. तिचे ब्रेक तारांचे नसून सळयांचे असतात. हँडल उतरलें कीं सळईहि तितकीच उतरते, ब्रेकचा चाप चाकाच्या कडेपासून दूर जातो, आणि कांडी दाबूनहि गाडी थांबत नाहीं. म्हणून सळईवरील जोड सैल करून तिची लांबी तितकीच कमी करावी लागते. शर्यतीच्या गाडींत तारा असल्यानें ही अडचण नाहीं. फक्त तारेचें कवच लांब पडून चाकाला किंवा गुडघ्याला घासत नाहीं ना, तें पाहावें.

काम झाल्यावर तीन परीक्षा घ्याव्या. पुढचें चाक दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरून हँडल पिळावें. तें चाकावेगळें फिरतां कामा नये. नंतर पुढचा ब्रेक दाबून गाडी पुढेंमागें हलवावी. डोक्याच्या नळींत खटखट लागली तर छर्रे ढिले आहेत. शेवटीं पुढचें चाक उचलून हँडल बोटानें ढकलावें. तें दोन्ही बाजूंस अडखळल्याविना फिरलें पाहिजे. या तिन्हींतून उतरल्यावांचून गाडी अंगणाबाहेर नेऊं नये.

आतां निवाडा. चिरंजीवांनीं चार बोटांचा हट्ट सोडावा. प्रथम सीट लावून घ्यावी, आणि मग हँडल सीटच्या बरोबरीला किंवा फार तर बोटभर खालीं ठेवावें. दोन आठवडे त्या उंचीवर गाडी चालवून पाहावी. बोटें बधिर होत नसतील, मान दुखत नसेल, आणि खालचे आंकडे धरून पंधरावीस मिनिटें सहज चालवितां येत असेल, तर आणखी पाव इंच खालीं जावें. शरीर नाहीं म्हणेल तेथें थांबावें. तोरणमाळला जातांना मात्र हँडल ज्या उंचीवर आंकडे सुखानें धरतां येतात त्याच उंचीवर असावें, आणि ब्रेकचे गुटके आदल्या दिवशीं पाहून घ्यावे.

पुतणीचा पक्ष आमच्या मतें सर्वांत बळकट आहे. एकाच गाडीवर दोघें बसणार असतील तर हँडल तिच्या हाताला पुरेल असें लावावें. उंच माणसाला कोपर वांकवून हवें तितकें खालीं जातां येतें. ठेंगण्या माणसाला हात लांबवितां येत नाहींत. ब्रेकची कांडी तिच्या बोटांच्या पहिल्या सांध्याखालीं यावी. बोटांच्या टोकांनींच ती ओढावी लागत असेल तर ती जवळ आणावी, कारण कॉलेजच्या रस्त्यावरहि गाडी थांबवावी लागतेच. मान जुन्या जातीची असेल तर दोघांच्या दोन उंचींवर रंगाच्या बारीक रेघा ओढाव्या. बदल करण्यास पांच मिनिटें पुरतात. मात्र दर वेळीं पहिली परीक्षा चुकवूं नये. मान दुसऱ्या जातीची असेल तर रोज कड्या हलवूं नयेत. तेथें पुतणीची उंची कायम समजावी.

राहिले मामंजी. त्यांचें ताठ आसन त्यांच्या गाडीसाठीं आणि त्यांच्या रस्त्यासाठीं योग्यच होतें, आणि नातवाचें वांकणें त्याच्या गाडीसाठीं योग्य आहे. त्यांना आमची विनंति एवढीच कीं वर सांगितलेल्या तीन परीक्षांचें काम त्यांनीं आपल्याकडे घ्यावें. तीस वर्षें सायकल संभाळलेल्या हाताला ढिला बोल्ट जितका लवकर कळतो तितका तरुण डोळ्याला दिसत नाहीं. त्यांनीं पास केल्यावांचून गाडी घाटांत जाणार नाहीं, असा घरांत नियम करावा, आणि भगिनींनीं तोरणमाळच्या वाटेवरील शिदोरीची तयारी निश्चिंतपणें करावी.

पुढील अंकीं : पितळी स्टोव्हचा पंप हवा कां धरीत नाहीं?